बाप न पाहिलेल्याची फुंकर

डोनेगलमधल्या त्या छोट्या दवाखान्यात डेर्वला बाळाला मांडीवर घेऊन नंबराची वाट बघत होती. समोरच्या बाकावर म्हातारी नोरा आणि तिचा पन्नाशीचा मुलगा मॅनस बसले होते.

"तोंड आलंय वाटतं बाळाला? आण पोरी इकडे, फुंकर घालतो."

"तुमच्या फुंकरीनं जाईल?"

"ज्यानं बापाचं तोंड बघितलं नाही, त्याच्याच फुंकरीनं जातं हे. मी पोटात असताना बाबाची होडी बुडाली. आजवर चाळीस पोरं बरी केलीत मी!"

"मॅनस, राहू दे. डॉक्टर बघतील."

"अगं आई, डॉक्टरांची पोरगीसुद्धा माझ्याच फुंकरीनं बरी झाली!"

"तुझी फुंकर लागायची नाही रे."

"मग आजपर्यंत लागली ती?"

नोरानं आवाज खाली आणला, तरी डेर्वलाला ऐकू आलंच.

"परवाच फादरपाशी सगळं कबूल केलंय मी. आता आणखी कुणाला फसवायचं नाही."

"काय कबूल केलंस? बाबा बुडाला नव्हता का?"

"बुडाला ना. माझा नवरा बुडाला."

"मी तरी दुसरं काय म्हणतोय?"

"गेल्या आठवड्यात शेजारच्या कॉनलच्या शवपेटीला खांदा दिलास ना तू?"

"दिला. त्याला बिचाऱ्याला पोरबाळ कुठं होतं?"

"होतं रे."

मॅनस बराच वेळ स्वतःच्या खांद्याकडे बघत राहिला.

"पण आई, मग ती चाळीस पोरं कशानं बरी झाली?"