वजन आल्यावर

—नाही, नाही, त्या पान्याला हात लावू नका. तो तिथेच राहू द्या, चाकाजवळ, आहे तसा. जॅक आणलात ना? बरं. तोही ठेवा खाली — अहो, हळू! आपटू नका, आवाज आत जातो. ती खिडकी दिसते ना, पडदा अर्धा सरकवलेली? तिच्या आत ह्यांचा पलंग आहे. झोपले असतील, म्हणता? छे. ह्या वेळी ते जागेच असतात — ही आमची कामाची वेळ.

तर गाडी. भावजींनी तुम्हाला काय सांगितलं, कोण जाणे. माझ्या ह्या दिरांना सगळंच अर्धवट सांगायची सवय आहे. पिकअप जुनी आहे, हे खरं. इंजिनाची मात्र अजून तक्रार नाही. बिघडलं होतं ते पुढचं सस्पेन्शन — खड्ड्यात चाक गेलं की खालून कण्हल्यासारखा आवाज यायचा, आणि स्टिअरिंग जरा सैल सोडलं की बाईसाहेब निघाल्या डावीकडे. गॅरेजमध्ये टाका म्हटलं, तर ह्यांचा अपमान झाला! 'इतकी वर्षं तिनं आपल्याला वाहिलं, आता थोडे दिवस आपण तिला उचलून धरू,' म्हणाले. लोखंडी स्टँडवर पुढची बाजू चढवली, चाकं काढली, स्प्रिंगा काढल्या, चाक तोलून धरणारे ते वरचे-खालचे आर्म सोडवले — अंगणभर सुटे भाग. मी कपडे वाळत घालायला निघाले की गाडीखालून आवाज यायचा, 'पाय जपून टाक, तुझ्यासाठी नाही, बॉलजॉइंटसाठी सांगतोय.' असे हे. आणि मग एके सकाळी गाडीखालून आवाजच आला नाही. उजवं अंग गेलं, आणि वाचाही गेली. डॉक्टरांनी धीर दिला, पण तो कसा देतात, ते आपल्यालाही कळतं.

मग बसवलं कोणी? मी. हसा, हसा, माझ्या लेकीलाही हसू आलं होतं. जन्मभर खडू धरलेला हात हा! स्प्रिंगा तेवढ्या शेजारच्या गॅरेजवाल्याने चढवल्या — सुटली तर कपाळमोक्ष करते म्हणून मला जवळसुद्धा येऊ देईना. बाकी सगळं मी. खिडकीशी जायचं, विचारायचं; ह्यांनी डाव्या हातातला चमचा पलंगाच्या दांडीवर वाजवायचा. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. 'वायसर आधी?' — एकदा. 'ग्रीस पुरे?' — दोनदा. ग्रीस पुरे झालं, असं ह्यांच्या मते कधी होतच नाही. लग्न झाल्यापासून ह्यांचं इतकं कधी ऐकलं नव्हतं मी.

घोटाळा एकदाच झाला. गॅरेजवाल्याने जाता जाता आर्मचे मोठे बोल्ट कचकचून आवळून टाकले, आणि चाकं तर अजून अधांतरी! ह्यांनी नुसत्या पान्याच्या कटकटीवरून ओळखलं. चमचा असा बडवला, की उशालगतची ताटली खाली पडली. तुम्हाला ठाऊक असेलच — त्या बोल्टांभोवती रबराचे बुश असतात. गाडी अधांतरी असताना आवळले, तर रबर तसंच धरून ठेवलं जातं, आणि गाडी खाली आली की जन्मभर पिळवटत राहतं. फाटतंच मग. म्हणून चाकं जमिनीला टेकायची, सगळं वजन त्यांच्यावर यायचं, आणि मगच शेवटचं आवळायचं. पुन्हा सगळे बोल्ट ढिले केले मी.

तेवढंच राहिलं आहे. उतरवायची आणि आवळायची. दुपारभराचं काम — कधीपासून राहिलंय? मागच्या उन्हाळ्यापासून. असं बघू नका माझ्याकडे. मी विचारते ना! रोज ह्या वेळी खिडकीशी उभी राहून विचारते, 'उतरवू का खाली?' आणि रोज दोनदा वाजतं. का नको, ते चमच्याला सांगता येत नाही. मला वाटतं, शेवटचा पाना त्यांना स्वतः धरायचा आहे. उठून, इथवर चालत येऊन. गाडी एकदा उतरली, की मग उठायचं कशासाठी? आणि — हे भावजींपाशी बोलू नका — मलाही ते दोन ठोके हवे असतात. ते ऐकले की मी निमूट आत जाते, चूल पेटवते, आणि तो दिवस पार पडतो.

आता लेक आम्हा दोघांना न्यायला येणार आहे. घर चांगलं आहे तिचं, वरच्या मजल्यावर. तिथे अंगण नाही. 'आई, आधी त्या गाडीचं बघ,' म्हणाली — म्हणून भावजींनी तुम्हाला धाडलं, गाडी उतरवायला. नाही, ह्यांना सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून तर तुम्हाला म्हटलं, आवाज करू नका, हळू बोला — तुम्ही कुठे बोलताय म्हणा. मघापासून मीच बोलते आहे. मीच. आणि खिडकी... खिडकी उघडीच आहे, नाही?

थांबा. विचारते. आजही विचारायला हवंच, रोजचं आहे ते. दोनदा वाजलं, की तुम्ही जॅक उचलायचा आणि निघायचं. भावजींना सांगा, वहिनी ऐकत नाहीत. लेकीचं मी बघेन. दोनदाच वाजेल, मला माहीत आहे.

अहो — ऐकलंत का? उतरवू का खाली?

...एक. थांबा, जॅकला हात लावू नका, दुसरा यायचा आहे. दमतो त्यांचा हात, मध्ये वेळ जातो कधी कधी. येईल. जरा धीर धरा. येईलच.

नाही आला.

लावा जॅक, स्टँड काढून घ्या. सावकाश, दोन्ही बाजू सारख्या. टेकली? सगळं वजन आलं? बरं. आता तो पाना इकडे द्या — नाही, तुम्ही नाही, मी आवळणार आहे. आणि तुम्ही जरा फाटकाबाहेर जाऊन उभे राहा. जा म्हटलं ना. ही कटकट त्यांना नीट ऐकू जाऊ दे.