बेचाळीसला ऐंशी

नाही, चहा राहू दे! आधी बसा सगळे, फोन उलटे ठेवा आणि ऐका, आत्ता तासाभरापूर्वी शोरूममध्ये काय झालं ते ऐका, कारण हे मी कोणाला सांगितलं नाही ना, तर झोपेत बडबडेन आणि आई उठून दार वाजवेल... पण थांबा, त्याआधी मला एक सांगा, हा पिकअप म्हणजे नक्की काय असतो? हां? कोणी बघितलाय? हात लावलाय? सहा महिने झाले मला या नोकरीत, टेस्ट ड्राइव्ह देते मी, आणि रोज पन्नास वेळा तोच प्रश्न. गिऱ्हाईक आत येतं, काचेचं दार अजून त्याच्या मागे हलत असतं, नमस्कार नाही, पाणी नाही, सरळ... "पिकअप कसाय?"

आणि विचारतात कोणत्या गाडीबद्दल? आमच्या छोटीबद्दल! जिच्या डिकीत दोन बॅगा मावतात आणि तिसरी मांडीवर घ्यावी लागते, जिचं बॉनेट उघडून माझा दादा म्हणाला होता, "हे इंजिन आहे की मिक्सर?" त्या बिचारीला पिकअप विचारतात! बरं, विचारा, पण ओळखायचा कसा, त्यावर दोघांचं एकमत असेल तर शपथ. परवा एक दातांचे डॉक्टर आले. गाडी चालू केली, जागची हलवलीसुद्धा नाही, डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "दम नाही." अहो, चालवून तर बघा! "आवाजावरून कळतं." तोंड न उघडता दात काढता का तुम्ही? मग एक भाजीचे घाऊक व्यापारी आले, ते म्हणाले, "गाडी सुटली की सीटने पाठीत दणका घातला पाहिजे." आमची सीट सभ्य आहे हो काका, ती कोणाला मारत नाही! एक बाई आल्या, त्यांनी रस्ता बघितला नाही, काटा बघितला नाही, शेजारी बसलेल्या नवऱ्याचा हात बघत गाडी चालवली. का? तर म्हणे, "यांनी वरची दांडी धरली की समजायचं पळते." आणि एक आजोबा तर... तुम्हाला सांगते, सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, जाताना त्याने घंटी वाजवली, आणि आजोबा उतरताना मला काय म्हणतात? "छान आहे, फक्त पिकअप जरा कमी वाटला." आजोबा, तुम्ही तिसरा गिअर टाकलाच नाहीत!

तर आमच्याकडे एक जुने सेल्समन आहेत, वस्ताद म्हणतो आम्ही त्यांना. तीस वर्षं गाड्या विकतायत, स्वतः बसने येतात. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, गाडी पळवायची नसते. पळतेय असं वाटायला लावायचं असतं." आणि मग जे काही शिकवलंय त्यांनी! गिऱ्हाईक बसायच्या आधी सीट पार खाली करून ठेव, बूड रस्त्याच्या जवळ गेलं की वेग वाढल्यासारखा वाटतो. गाणी बंद. एसी बंद. काच चार बोटं खाली, वारा कानात शिरला पाहिजे. मोठ्या रस्त्यावर चुकून नेऊ नकोस, तिथे चाळीसला झोप येते, मागच्या गल्लीत ने, दोन्ही बाजूंना भिंती, मध्ये गाडी जेमतेम जाते, तिथे चाळीस म्हणजे माणसाला घाम फुटतो! आणि आमची छोटी कशी आहे माहितेय का, पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर जरासा दाबला, नुसता अंगठ्याने, की अशी उसळते ना! सगळा जीव तिथेच ओतते. नंतर तुम्ही पाय पार तळाला नेलात तरी काही नाही, जे होतं ते देऊन झालेलं असतं. काही माणसं नसतात का, पहिल्या पाच मिनिटांत सगळं बोलून टाकतात आणि मग तासभर नुसतं हं हं करतात? तसं. म्हणून वस्ताद म्हणाले, "गिऱ्हाईकाला सांगायचं, हलकासा पाय ठेवा, बघा, आणि जोरात दाबायच्या आत वळण आलं पाहिजे."

आता मूळ मुद्दा. सहा महिन्यांत दहा गाड्या विकल्या तर मी पक्की, नाहीतर राम राम. झाल्या किती? नऊ. शेवटचा दिवस कोणता? आज! आमचे मॅनेजर, ज्यांना आम्ही पाठीमागे आकडेसाहेब म्हणतो, त्यांनी सकाळी मला बोलावलं, ड्रॉवर उघडला, त्यातलं माझं नोकरी पक्की झाल्याचं पत्र मला लांबून दाखवलं आणि ड्रॉवर बंद केला. आणि घरी काय ठरलंय? हे जमलं नाही तर उद्यापासून काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात. जन्मभर! "पाठपोट की एका बाजूने?" हे विचारत मी म्हातारी होणार!

दुपारपर्यंत कोणी नाही. चार वाजता दार उघडलं. एक बाई, ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, आणि शिट्टीच्या शेजारी काय? स्टॉपवॉच! शाळेत खेळाच्या शिक्षिका आहेत, मुलांना धावायला शिकवतात. आणि सोबत मुलगा, एकोणीस-वीसचा, लायसन्स नवंकोरं, उजव्या मनगटाला काळा पट्टा. त्याच्यासाठीच गाडी. मॅडम म्हणाल्या, "आठ महिन्यांपूर्वी बाइकवरून पडला. मनगटात स्टीलची पट्टी घातलीय. आता दोन चाकं बंद." आणि पोरगं काय म्हणालं ओळखा बघू? हां, तेच! "ताई, पिकअप कसाय?"

मी म्हटलं, चला. सीट खाली, काच चार बोटं, गल्ली. पोरगा स्टिअरिंगवर, मी शेजारी, मॅडम मागे. तुम्हाला सांगते, मी त्याला "हलकासा पाय" म्हणाले आणि छोटी अशी उसळली, भिंती सरसर मागे, वारा कानात भों भों, आणि पोरगं ओरडतंय, "आईशप्पथ! उडतेय ही! ऐंशी असेल ना ताई, ऐंशी?" मी हसले नुसती. वस्तादांनी सांगितलंय, अशा वेळी हसायचं. त्याचे हात इतके घामेजले होते की स्टिअरिंग चकाकत होतं. मी मनात म्हटलं, काय खूश झालाय! दहावी गाडी गेली! आणि सहज आरशात बघितलं... मॅडम बाहेर बघतच नव्हत्या. दोन सीटच्या मधून मान पुढे काढून, त्या बघत होत्या काटा.

परत आलो. आकडेसाहेबांनी लायसन्सची झेरॉक्स मागितली, झेरॉक्स, बघा, तिथेसुद्धा माझं नशीब मला वाकुल्या दाखवतंय, आणि पोरगा समोरच्या दुकानात गेला. तो दिसेनासा झाला आणि मॅडम माझ्याकडे वळल्या. "तो येईपर्यंत एक चक्कर मारू. तुम्ही चालवा. मोठ्या रस्त्याने." मी म्हटलं, "मॅडम, तिकडे ट्रॅफिक..." "दिसतोय मला इथून. रिकामा आहे." मी म्हटलं, "मग काच थोडी..." "काचा बंद. एसी लावा." संपलं! हजारो मुलं बघितलीत हो त्यांनी, दमलोय म्हणून खोटं लंगडणारी, त्यांच्यापुढे माझं काय चालणार?

मोठा रस्ता, आठ गाड्या शेजारी शेजारी जातील एवढा. त्यांनी स्टॉपवॉच हातात घेतलं. "ऐंशी झाले की सांगा. तयार... जा!" आणि सवयीने शिट्टी वाजवली, गाडीत, बंद काचांत, माझ्या कानापाशी! मी पाय तळाला नेला. छोटी उसळली... आणि मग हं. हं. हं. पन्नास. रस्त्याकडेची झाडं आपली निवांत. साठ. एका कबुतराने आमच्याकडे बघून उडायचा विचार केला आणि रद्द केला. सत्तर... मी स्टिअरिंगवर पुढे झुकले, जसं काही माझ्या झुकण्याने गाडी पुढे जाणार आहे! ऐंशी! टिक.

"चौदा पॉइंट सहा सेकंद," मॅडम म्हणाल्या. मला डोळ्यांसमोर झेरॉक्सचं मशीन दिसायला लागलं, तो हिरवा उजेड इकडून तिकडे, तिकडून इकडे...

आणि मॅडम म्हणतात, "हीच द्या."

मी म्हटलं, "काय?"

"अहो, गल्लीत त्याला ऐंशी वाटले. काटा बेचाळीसवर होता, मी स्वतः बघितला. बेचाळीसला ऐंशीची मजा येत असेल तर मला अजून काय पाहिजे? वीस वर्षं मुलं पळवतेय मी. आपण जोरात पळतोय असं वाटणारं पोर वेगळं आणि खरंच जोरात पळणारं वेगळं. कळतं ते फक्त घड्याळाला. घड्याळ माझ्याकडेच राहील." आणि मग एकदम माझं मनगट धरलं, "पण हे त्याला कळता कामा नये. त्याला म्हणायचं, जबरदस्त पिकअप आहे. नाहीतर पुन्हा बाइक मागेल." डोळ्यांत पाणी होतं हो. शिट्टीवाल्या बाईच्या!

आता गंमत ऐका, गंमत पुढेच आहे. आम्ही परतलो, मॅडम फॉर्म भरायला बसल्या, आकडेसाहेबांचा एक हात ड्रॉवरच्या कडीवर, आणि पोरगा झेरॉक्स घेऊन आला तो मला खुणावतोय, इकडे या, इकडे या. टायरच्या स्टँडमागे नेलं मला. खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, खरं सांगा. पळत नाही ना ही फार?"

तिकडे मॅडमचं पेन पहिल्या रकान्यावर. खोटं बोलू? खरं बोलू? मी "त्याचं असंय..." म्हणून सुरुवात केली, आणि तो म्हणाला, "हळू बोला ना! मी नेटवर सगळं वाचून आलोय. या किमतीत सगळ्यात मंद हीच आहे. म्हणून तर आईला इथे आणलं."

म्हटलं, "म्हणून?"

"ताई, मला भीती वाटते आता. मोटारसायकल शेजारून गेली तरी हाताला घाम फुटतो. पण मित्रांना काय सांगू? आणि आईला कळलं की मी घाबरतो, तर ती मला पुन्हा मैदानावर उभं करून भीती घालवायला लावेल, तुम्ही ओळखत नाही तिला. ऑपरेशन चालू होतं ना माझं, तर बाहेर घड्याळ लावून बसली होती. दोन तास अकरा मिनिटं. अजून तो आकडा सांगते." मग स्टँडमागून आईकडे डोकावून बघितलं. "तिला वाटतंय गाडी पळते म्हणून मी खूश आहे. तसंच वाटू द्या. आणि लाल रंगात द्या, लाल म्हटलं की मित्र काटा बघत नाहीत."

म्हणजे तो घाम! तो मजेचा नव्हताच! आणि ते "उडतेय, उडतेय" सगळं... तुम्हाला सांगते, मी त्या टायरांना धरून उभी राहिले. आईला मंद गाडी हवी, पोराला मंद गाडी हवी, आणि दोघंही मला सांगतायत, समोरच्याला पटवा की सुसाट आहे! सहा महिने मी जिवाचं रान करून हिला पळती करत होते, सीट खाली, काच चार बोटं, आणि दहावी गाडी खपली कशावर? तर पळत नाही यावर!

तेवढ्यात मॅडमनी तिकडून मोठ्याने, मुद्दाम त्याला ऐकू जाईल असं विचारलं, "काय हो, पिकअप कसाय?" पोरगं माझ्याकडे बघतंय. आकडेसाहेब माझ्याकडे बघतायत. वस्ताद कोपऱ्यातून माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, "मॅडम, तुम्हाला जसा पाहिजे ना, अगदी तसा!" दोघंही हसले. एकाच वेळी. सही झाली. लाल.

पत्र मिळालं, हे बघा, घडी पडेल, हात पुसून घ्या! पक्की मी! जाताना ती दोघं गल्लीच्या बाजूने चालत गेली, आणि मॅडमच्या हातात ते घड्याळ होतं पण चालू नव्हतं, मी मुद्दाम बघितलं. मला बरं वाटलं हो. खरंच बरं वाटलं.

आणि आकडेसाहेबांनी काय करावं? दहावी गाडी एवढ्या झटक्यात गेली म्हणून खूश होऊन सोमवारपासून मला नवीन काम दिलंय. नव्याने लागलेल्या चौघांना शिकवायचं. विषय? फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवलाय त्यांनी. पिकअप!

आता घ्या चहा... पण आधी सांगा, खरं सांगा हां, त्या टायरांमागे माझ्या जागी तुम्ही असतात, एका कानात आईचं गुपित आणि दुसऱ्या कानात पोराचं, तर तुम्ही काय केलं असतं?