तोंड लावलेला धोटा

— नाही नाही, बुधाजी, आधी ऐक तर! तुम्ही रिंग खात्यातले, सूत कातून दिलं की सुटलात, आमच्या कापड विणायच्या साच्यावर काय चालतं ते तुला कुठे ठाऊक? धोट्यात नवी कांडी घातली की भोकाला तोंड लावायचं आणि सूत ओढून घ्यायचं — तीस वर्षं ओढतोय, छातीत कापूस भरलाय — आणि आता पाळी बदलली की माझ्या आधी त्याच धोट्याला तोंड कोणी लावलेलं? त्या घडिवाने! शी! काचेच्या भांड्यात, बीजातच फेरफार करून बनवलेली माणसं, आई ना बाप, मालकाने आगबोट भरून आणली — आणि लाकडावर ती त्याची गार थुंकी — थुंकी तरी कसली, वासच नाही तिला! माणसाच्या तोंडाला वास नको? बायकोने डब्यात सुकट दिली होती, तशीच परत नेली.

घाम नाही, खोकला नाही, विडी नाही. मी, हा गुणाजी, दोन साचे सांभाळतो, तो घडीव सोळा! धागा तुटायच्या आधी त्याला कळतं, किळस येते बघून. छप्पन साली गोळ्या चालल्या तेव्हा तू न् मी लालबागच्या नाक्यावर एका खांबाआड उभे होतो, आठवतं? मुंबई आपली म्हणून! ती काय ह्या घडिवांना राहायला? म्हणून सांगतो, उद्या तुमचं खातं बंद पाहिजे. सूतच आलं नाही तर घडीव विणणार काय, कप्पाळ? पण तुम्ही कामावर गेलात तर परवा आम्ही चारशे साचेवाले रस्त्यावर.

मालकाला सांगायचं काय? ते ठरवलंय मी. ते आपल्यापेक्षा बरं विणतात असं चुकूनही म्हणायचं नाही! म्हणायचं, विटाळ. त्यांच्या तोंडचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, बस! हमखास चालतं हे — तुझ्या बापाच्या वेळी चाललं की! जॉबरने, आमच्या मुकादमाने, त्याला दोन दिवस साच्यावर घेऊन बघितलं, काय हात होता रे, आमच्यात कोणाचा नव्हता — मग मीच उठलो, म्हटलं, ह्या लोकांचा उष्टा धोटा आम्ही तोंडात धरायचा? अर्ध्या तासात चाळीस साचे बंद. जॉबरने डोळे अधू आहेत म्हणून त्याला परत तुमच्या —

काय? घरी पण डोळ्यांचंच सांगत होता? शेवटपर्यंत?

अरे, तेव्हा सगळेच तसं म्हणायचे. आणि भीती होती रे, त्याला साचे मिळाले असते ते माझेच गेले असते. बस ना. बापाचा हात चांगला होता हे मीच सांगितलं ना तुला? दुसऱ्या कोणी सांगितलं कधी? — टोपी कशाला घालतोस? उद्याचं बोल. खातं बंद ठेवणार की नाही? बोल की! — बघा, बघा कसा बघतोय, पापणी लवत नाही, अगदी त्या घडिवासारखा! शी! जा तर मग. जा. दार ओढून घे.