तीन वर्षांचं की चार वर्षांचं?

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते. बापाच्या डोळ्यांत थेंब घातलेले, डोळे मिटलेले. लेक त्याला कॉलेजचं माहितीपत्रक वाचून दाखवत होती.

"बीएस्सी कॉम्प्युटर, तीन वर्षं. प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, वेबसाइट. झालं की लगेच नोकरी."

"लगेच नोकरी, असं छापलंय?"

"नाही, ते मी म्हणतेय."

"छापलंय तेवढंच वाच. आता इंजिनिअरिंगचं."

"त्यातही हेच सगळं, बाबा. वर एक वर्ष उगाच जास्त."

"तुला तर प्रोसेसर आतून कसा चालतो ते शिकायचं होतं. जेवताना डोकं खायचीस माझं."

"सॉफ्टवेअरच्या नोकरीत त्यावाचून काही अडत नाही."

"गेल्या महिन्यात अडत होतं."

"गेल्या महिन्यात तुम्ही बस चालवत होतात."

"डेपोवाले मला वाऱ्यावर सोडत नाहीत. तिकीट खिडकीवर बसवतील. तू इंजिनिअरिंगचं नीट वाच."

"आत्ताच तर वाचलं!"

"डोळे मिटलेत माझे, कान नाही. पान उलटल्याचा आवाज आला नाही, बाळा."