सशाचं जाकीट

जनावरांच्या दवाखान्यात मांजर घेऊन बसलेल्या बाईंना शेजारी बसलेल्या माणसाच्या टोपलीत जाकीट घातलेला ससा दिसला.

"कोणी शिवलं हो?"

"मीच. शिंपी आहे. काजंसुद्धा हाताने केलीत."

"पाळलाय?"

"तरुण मंडळात ससेपालन शिकतोय. लेकीला सोडायला जायचो. ती कंटाळून सुटली, मी बावन्नाव्या वर्षी अडकलो."

"पण जाकीट कशाला?"

"मादी आहे. छातीचे केस उपटत सुटली. म्हटलं, गारठेल बिचारी."

"अहो, पिल्लांसाठी अंथरूण करतेय ती. आज-उद्यात वियेल. काढा आधी ते. मंडळात शिकवलं नाही?"

"शिकवलं असणार. मी तेव्हा हिचं माप घेत होतो."

बटणं सुटली.

"पिल्लं साधारण किती होतात?"

"सहा-सात. आणि ती टेप खिशात ठेवा."