पोकलेनखालची पानं

रेल्वेचं फाटक पडलं आणि नूतनची स्कूटी नेमकी एका ट्रेलरच्या मागे अडकली. मागच्या सीटवर सासूबाई होत्या. ट्रेलरवरच्या छोट्या पोकलेनचा म्हातारा ऑपरेटर खाली उतरून मागे आला आणि त्यानं ड्रायव्हरला हाक मारली.

“जितेंद्र, हाई काय शे रे?”

“केळीची पानं, आधारनाना. घड भरताना अंथरतो ना, तशीच. मशीनच्या लोखंडी पट्ट्यांनी ट्रेलरच्या फळ्या खरचटायला नकोत.”

“आणि मशीन बांधलंय तो हा दोर?”

“तोही केळीच्याच गाडीचा. फैजपूरपासून दिल्लीपर्यंत कधी तुटला नाही.”

“साखळ्या कुठं आहेत?”

“केबिनमध्ये. चाळीसगाव आलंच की, नाना.”

“बठ्ठी पानं काढ, एकही ठेवू नको. चार कोपऱ्यांना चार साखळ्या लाव.”

“इथं? फाटक आता उघडेल!”

“उघडू दे. गाडी कडेला घे.”

“साईटवर मुकादम बोंबलतोय.”

“बोंबलू दे. पलीकडं चढ आहे. ओल्या पानांवरून मशीन घसरली तर कुठं जाईल?”

“मागे.”

नूतननं पायांनी रेटत स्कूटी वीतभर मागे घेतली.

“मागे कोण आहे?”

“दोन बाया. स्कूटीवर.”

“जा, त्यांना सांग, माझा दोर पक्का आहे म्हणून. त्या हो म्हणाल्या तर निघू.”

फाटक उघडलं. मागून हॉर्न सुरू झाले. जितेंद्र स्कूटीजवळ येऊन उभा राहिला.

“काय रे भाऊ, काय म्हणतोस?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही, आजी. तुम्ही पुढे व्हा. आम्हाला वेळ लागेल.”