बत्तीस दाण्यांची कॉफी

हॅलो?… हो, बोल गं… काय?… अगं, ती घरघर फोनची नाही. तुझे भावजी कॉफी दळतायत… हो, हातानेच. दवाखाना बंद केला म्हणून काय झालं, तीस वर्षं लोकांच्या दाढा कोरल्या, हात शिवशिवणारच.

अगं ऐक ना… आज ते स्वतः पिणार आहेत… हो, हो, हृदयाच्या डॉक्टरांनी परवानगी दिली. दिवसाला अर्धा कप. माझे इथे धाबे दणाणलेत.

का म्हणजे? चार महिने दळायचे ते आणि प्यायची मी. रोज "फक्कड झालीय" म्हणायची… छे, कडू कुठली! कडू तरी लागली असती. नुसतं रंगीत पाणी… अगं, मोजून बत्तीस दाणे टाकतात. मापाचा चमचा पडलाय ड्रॉवरमध्ये. तोंडात बत्तीस, तर ग्राइंडरमध्येही बत्तीस!… कसं सांगणार? दुखण्यातून उठल्यावर माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा. हा ग्राइंडर आला आणि शीळ घालायला लागला. मग बोलले खोटं. अजून शंभरदा बोलेन.

पिते कुठली? ह्यांची पाठ वळली की खिडकीतल्या कुंडीत… झाडाला काय धाड भरलीय? टवटवीत आहे. झोपतं की नाही, देव जाणे.

वास मात्र, खरं सांगते, दळताना जो घरभर सुटतो ना… त्या वासासाठी मी अंथरूण सोडते. मग वरून पाणी सोडलं की पूड फुगते, बुडबुडे येतात, आणि हे वाकून बघत बसतात, पेशंटने आ केल्यासारखे… हसू नकोस गं.

थांब, थांब… ओतली… कप उचलला… जरा गप्प बस ना… घोट घेतला. घोळवतायत तोंडात… गिळला.

… माझ्याकडे बघतायत… आहे गं, आहे मी फोनवर… उठले. खिडकीशी गेले… अगं बाई, कुंडीत ओतली! म्हणतात, "ह्याला सवय आहे."

… हो ना! पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं म्हणे. ह्यांना वाटायचं, हिला कॉफीच आवडत नाही. आपली कॉफीच टाकाऊ, हे आज कळलं… विचारलं ना, मग रोज दळत कशाला होता? तर म्हणतात, "अख्ख्या संसारात तू रोज सकाळी माझं कौतुक कधी केलं होतंस?"

… नाही गं, रडत नाहीये. लबाड माणूस आहे नुसता.

आता? आता परत मोजतायत… अहो, किती?… बावन्न म्हणे. दुधाच्या दातांचे वीस मिळवून… हो, हो, आणि कुंडी उचलून बाहेर नेऊन ठेवलीय… झाली, ओतलीसुद्धा… चल, ठेवते बाई. समोर खुर्ची ओढून बसलेत, कप घेऊन.